एका घरात एकच चष्मा

(उन्हाळी व्याख्यानमालेतील चौथे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून.)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव ‘आभासी वास्तव : मनोरंजनाचे नवे दालन’ असं छापलंय. ते संयोजकांनी ठेवलं, त्यामुळे दालनाची जबाबदारी त्यांची. काल याच माइकवरून डॉक्टरसाहेबांनी मुलं आणि स्क्रीन या विषयावर तुम्हाला चांगलंच घाबरवून सोडलंय असं ऐकतो. आज मी तोंडावर बांधायचाच स्क्रीन घेऊन आलोय. पहिल्या रांगेतली नापसंती मला इथून दिसतेय. ती राहू द्या, कामाची आहे.

इतिहास मी सांगत बसत नाही. १९६८ साली आयव्हन सदरलँडने छताला टांगलेलं यंत्र डोक्यावर चढवून पाहिलं, तिथपासून आजच्या हेडसेटपर्यंतची कहाणी तुम्हाला ठाऊकच आहे. नसली तर नातवंडांना विचारा, त्यांना बरं वाटेल. मी आज याला ‘चष्मा’ म्हणणार आहे. तंत्रज्ञ मंडळींनी माफ करावं.

हा चष्मा घरात येतो तेव्हा काय होतं? दिवाणखान्यात एक जण तो घालून उभा राहतो, हवेत हात मारतो, ‘बापरे’ म्हणतो. बाकीचे टीपॉयवरचे कप उचलतात आणि भिंतीला टेकून उभे राहतात. त्याला हिमालय दिसतोय, आपल्याला त्याचा बनियन. दोन मिनिटं गंमत वाटते, मग एकेक जण मोबाईल काढतो. घरात पाच माणसं असली तर चौघं बेकार. यावर बाजाराचं उत्तर सरळ आहे : पाच चष्मे घ्या. माझं उत्तरही सरळ आहे, आणि त्यासाठीच मी आलोय. एका घरात एकच चष्मा असावा. त्याचं खरं काम दाखवणं हे नसून झाकणं हे आहे. आपण आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर रुमाल बांधायचो, तीच ही पट्टी. फक्त महागडी. (हशा)

हसू नका, विचार करा. कोशिंबिरीत मजा कोणाची असते? पट्टी बांधलेल्याची थोडी, आणि भोवती टपल्या मारणाऱ्यांची जास्त. राज्य एकावर असतं, पण खेळ सगळ्यांचा असतो. आणि राज्य असलेला आणि नसलेला यांना एकच काम नसतं. एक चाचपडतो, बाकीचे पळतात. कॅरममध्ये, ल्यूडोमध्ये सगळ्यांना तेच काम. म्हणून आजी हरते, नाहीतर नातू मुद्दाम हरून तिला जिंकवतो, आणि तिला ते लगेच कळतं. लहानग्याला आपण लिंबूटिंबू म्हणून घेतो आणि त्यालाही ते लगेच कळतं. घरातली माणसं वयाने, नजरेने, बोटांच्या चपळाईने सारखी नसतात. मग खेळ सारखा कशाला? प्रत्येकाला वेगळं काम द्या आणि कोणाचंच काम दुसऱ्याला जमू नये अशी सोय करा. एवढं केलं की लिंबूटिंबू उरत नाही.

हे मी शोधलेलं नाही. २००३ मध्ये निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतोंनी ‘पॅक-मॅन व्हर्सेस’ नावाचा खेळ केला. एका खेळाडूच्या हातात छोटा गेम बॉय, त्यावर सगळा चक्रव्यूह दिसतो. तो पळणारा. बाकीचे तिघं भुतं. त्यांना टीव्हीवर फक्त आपल्या आसपासचा तुकडा दिसतो, म्हणून ते ओरडून एकमेकांना सांगतात, ‘लाल कोपऱ्यात गेला, अडव!’ एकाला सगळं ठाऊक आणि तिघांना थोडं थोडं. तिथे चष्मा नव्हता, पण मर्म तेच.

मग ऑक्टोबर २०१६ मध्ये सोनीने प्लेस्टेशनचा चष्मा काढला आणि त्याच्याबरोबर ‘द प्लेरूम व्हीआर’ हा खेळांचा संच फुकट दिला. करणारे टोकियोचे, सोनीच्या जपान स्टुडिओतले. चष्म्यात एक चित्र आणि टीव्हीवर दुसरं, ही सोय त्यांनी पुरेपूर वापरली. ‘कॅट अँड माउस’मध्ये चष्मेवाला मांजर. तो पडद्याआड. टीव्हीसमोर बसलेले उंदीर, त्यांनी चीज पळवायचं. मांजराने डोकं पडद्यातून बाहेर काढलं की सगळ्यांनी थिजायचं. माणूस खरोखर मान पुढे काढतो, हे बघण्यासारखं असतं. ‘घोस्ट हाउस’ मला त्याहून आवडतो. चष्मेवाला भुतं पकडायला निघालेला आहे, पण त्याला एकही भूत दिसत नाही. ती दिसतात सोफ्यावर बसलेल्यांना. ‘डावीकडे! अरे तुझ्या डावीकडे! माझ्या नाही!’ म्हणजे हजारो रुपयांचं यंत्र डोळ्यांवर असलेला माणूस त्या खोलीतला सर्वात आंधळा. माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगला साक्षीदार नाही.

आता बॉम्ब. (खळबळ) खेळातला हो. पोलिसांना फोन नको.

कॅनडात ओटावाला स्टील क्रेट गेम्स म्हणून छोटी कंपनी आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल गेम जॅम’ होता, म्हणजे दोन दिवसांत खेळ उभा करायचा उपक्रम. या मंडळींनी तिथे चष्मा नेला होता. लोक घालून बघत होते आणि बाकीचे त्यांच्याकडे बघत होते. बघणाऱ्यांनाच कामाला लावू, या कल्पनेतून ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ जन्मला आणि २०१५ मध्ये बाजारात आला. चष्मेवाल्यासमोर टेबलावर टिकटिकणारा बॉम्ब. त्याच्यावर तारा, बटणं, चिन्हं. तो निकामी कसा करायचा हे त्याला माहीत नाही. माहिती आहे २३ पानांच्या पुस्तिकेत, आणि पुस्तिका बाहेरच्यांच्या हातात. त्यांना बॉम्ब दिसत नाही, त्याला पुस्तिका दिसत नाही. मध्ये फक्त बोलणं. पुस्तिका इंटरनेटवरून फुकट उतरवून कागदावर छापता येते. तीन चुका झाल्या की स्फोट, आणि प्रत्येक चुकीनंतर घड्याळ जास्त वेगाने पळतं. या आणीबाणीत माणसाचा स्वभाव लपत नाही.

इथे मला माझ्या आत्याबद्दल थोडं सांगायचंय. दोनच मिनिटं.

आत्या टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. आता ऐंशीच्या पुढे आहे. गणपतीत सगळे जमलो होतो. माझ्या पुतण्याने चष्मा चढवला, पुस्तिका पोरांकडे. सुरुवातीला नुसता गोंधळ. चार पोरं चार पानं एकदम वाचतायत, आत पुतण्या किंचाळतोय. दोन बॉम्ब फुटले. आत्या मोदकाचं सारण करत होती. तिला तो आरडाओरडा सहन होईना. ती आली, हात पुसले, पुस्तिका ओढून घेतली आणि म्हणाली, “लाइनवर एकच माणूस बोलेल. विचारलं तेवढंच सांगायचं. मी सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं, मगच हात लावायचा.”

मग सुरू झालं. “तारा किती?” “चार.” “रंग वरून खाली सांग.” “लाल, निळी, लाल, पिवळी.” तिने बोट ओळीवर ठेवलं. चार तारांत लाल एकापेक्षा जास्त असतील आणि सिरियल नंबरचा शेवटचा आकडा विषम असेल तर शेवटची लाल कापायची, असा नियम आहे. “सिरियल नंबर?” “ते काय असतं?” “बॉम्ब उलटा करून बघ.” त्याने फिरवला. “सात!” “विषम. शेवटची लाल काप.” “शेवटची लाल कापतो.” खट्ट. दिवा हिरवा. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. “पुढचं.”

पुढचं म्हणजे चिन्हं. चार बटणांवर चार अगम्य खुणा. ज्या एका रकान्यात चारही सापडतील त्या रकान्याच्या क्रमाने दाबायची. पुतण्याला नावं येईनात. “एक त्रिशूळ आहे.” बरं. “एक सहा आकड्यासारखं.” बरं. “ए आणि ई चिकटलेले.” बरं. “आणि एक घोड्याचा नाल.” तिथे आमचे आतोबा आरामखुर्चीतून उठले. जन्म वीज खात्यात गेला त्यांचा. “नाल कसला? ओहम आहे तो!” त्या घरात आतोबांना गेली कित्येक वर्षं कोणी काही विचारलं नव्हतं. आत्याने रकाना शोधला : सहा, जुळं, त्रिशूळ, ओहम. बरोबर. आतोबा आरामखुर्चीत परत गेलेच नाहीत.

आणि मग तो वाह्यात विभाग. ‘हूज ऑन फर्स्ट’ नाव त्याचं, ॲबट आणि कॉस्टेलो या जुन्या अमेरिकन विनोदी जोडीच्या प्रसिद्ध संवादावरून घेतलेलं. पाटीवर इंग्रजी शब्द येतो आणि सगळे शब्द कानाला सारखे : रेड आणि रेड, सी आणि सी, यू आणि यू. आत्या हुशार. “शब्द बोलू नकोस, अक्षरं सांग.” चाललं होतं छान. मग पुतण्या म्हणाला, “पाटीवर काहीच नाही.”

“काहीच नाही, की ‘नथिंग’ लिहिलंय?”

“काही लिहिलेलं नाही.”

“म्हणजे कोरी?”

“हो, ब्लँक.”

“‘ब्लँक’ लिहिलंय का?”

धडाम. (मोठा हशा)

सभागृहात तारखात्यातलं कोणी आहे का हो? पुस्तिकेत मोर्सचंही पान आहे, लुकलुकणारा दिवा वाचायचा असतो. आपली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. मागे एक हात वर दिसतोय. नमस्कार काका! कट्ट-कडकट्ट अजून येतं ना? उत्तम. बघा, ज्या विद्येला बाहेर गिऱ्हाईक उरलं नाही, तिला इथे भाव आहे.

चिठ्ठी आलीये. मला वाटलं प्रश्न असेल, यावर लिहिलंय ‘१० मिनिटे’. आत्याने घेतला हो वेळ. मी दोनच मिनिटं म्हणालो होतो.

एक प्रश्न मात्र मधल्या रांगेतून मघाशीच मोठ्याने आला, तो टाळत नाही : हा बॉम्बचा खेळ साध्या लॅपटॉपवर, फोनवर मिळतो, मग चष्मा कशाला? खरंय, मिळतो. लॅपटॉपची पाठ बाकीच्यांकडे करून बसायचं. पण आपल्याकडे पाठ करून ठेवलेली गोष्ट कोण बघत नाही? दुसऱ्याच मिनिटाला पोरगं खुर्चीमागून डोकावतं, बॉम्बवाल्याची मान पुस्तिकेकडे वळते, आणि बोलण्याची गरज संपते. चष्मा ती चोरी अशक्य करतो. म्हणूनच म्हणतो, पट्टी.

दुसरं, मळमळ. चष्मा घालून खेळात धावलं की काहींना पोटात ढवळतं. डोळे सांगतात मी पळतोय, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो मी खुर्चीत आहे, आणि दोघांच्या भांडणात पोट मध्ये येतं. आता गंमत पाहा. या असमान खेळांत चष्मेवाल्याला बहुधा जागेवर ठेवलेलं असतं. बॉम्बवाला टेबलाशी बसलेला. मांजर पडद्याआड. स्टॉकहोमच्या रेझोल्यूशन गेम्सने २०१९ मध्ये ‘ॲक्रॉन : अटॅक ऑफ द स्क्विरल्स’ काढला. त्यात चष्मेवाला चक्क झाड आहे! मुळं रोवलेलं. तो हाताने फेकाफेक करून आपली सोनेरी फळं राखतो, आणि आठ जणांपर्यंत खारी, प्रत्येक जण आपापल्या फोनवर, ती पळवायला टपलेले. फोनवाल्यांचं ॲप फुकट, खेळ विकत घ्यायचा तो एकट्या झाडाने. धावाधाव सगळी चष्म्याबाहेर. झाड हलत नाही, म्हणून झाडाला मळमळत नाही.

फोनच का, टीव्ही का नाही? त्यालाही कारण आहे. वायर नसलेला चष्मा दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं सेकंदाला सत्तर-नव्वद वेळा काढता काढताच दमलेला असतो. टीव्हीसाठी तिसरं, वेगळं चित्र काढायला त्याच्यात जोर कुठला? तो फार तर स्वतःला दिसतं तेच टीव्हीवर पाठवतो. मग बाकीच्यांची चित्रं त्यांच्या फोनने काढावीत हे ओघाने आलं. किंवा कागदाने. कागदाला बॅटरीही लागत नाही.

डॉक्टरसाहेबांच्या बाजूने एक गोष्ट : लहान मुलांना चष्मा देऊ नका. मेटा कंपनीच्या चष्म्याची वयोमर्यादा १३ होती, २०२३ मध्ये त्यांनी पालकांच्या खात्यासह १० वर आणली. मला ती घाई वाटते. पण सहा वर्षांच्या पोराला खार व्हायला किंवा भूत दाखवायला चष्मा लागतच नाही. त्याला तिथे बसवा. राज्य मोठ्यांवर.

घंटा वाजली. ऐकली. एकच तक्रार राहिलीये, ती करू द्या. मघाचा तो सोनीचा फुकट संच, मांजर आणि भुतं? २०२३ मध्ये सोनीने नवा चष्मा काढला, त्यावर जुन्या चष्म्याचे खेळ चालत नाहीत. ते करणारा जपान स्टुडिओही २०२१ मध्ये मोडीत काढला, त्यातली टीम असोबी तेवढी उरली. एका चष्म्यात घर बसवणारा सर्वात चांगला संच आता जुन्या यंत्रांबरोबरच जाणार. ओटावाची २३ पानं मात्र कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे निघतात. म्हणून इथल्या वाचनालयाच्या चिटणीसांना जाहीर विनंती : पुस्तिकेच्या दोन प्रती संदर्भ विभागात ठेवा, शब्दकोशांच्या शेजारी. चिटणीस मान हलवतायत, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळत नाही. तुम्हीच बघा, बोलल्याशिवाय काही निभत नाही.

मी प्रती आणल्यात, त्या मागच्या टेबलावर आहेत. चष्माही पिशवीत आहे, एकच. शिपाईमामा साडेआठला कुलूप लावणार म्हणतात, म्हणजे पाच मिनिटांचा एक बॉम्ब आरामात होईल. आभारप्रदर्शन होऊ द्या, मग ज्यांना घाई नाही त्यांनी पुढे या. पहिल्या रांगेतल्या नापसंतीवाल्या काकू, राज्य तुमच्यावर. आणि मोर्सवाले काका, तुम्ही जाऊ नका.