ऑफिसात एचआर नाही, मग तक्रार कुठे?

आजचा विषय जरा अवघड आहे, पण बोलायलाच हवा.

सोबत काम करणारा एकदा चहाला विचारतो. तुम्ही नाही म्हणता, तो 'बरं' म्हणतो, विषय संपतो. इथपर्यंत कुणाचं काही बिघडलेलं नाही. पण नंतरही रात्री अकराला मेसेज येतात. कामावरून सुटताना तो गाडीपाशी उभा असतो. मग शेठकडे तुमच्या कामाबद्दल चुगल्या सुरू होतात. हे प्रेम नव्हे, हा त्रास आहे. कायद्यात हा लैंगिक छळ ठरू शकतो.

आता आपली रत्नागिरी. दुकान, क्लिनिक, लॉज, सहा-सात माणसांचं ऑफिस. एचआर कुठून असणार? त्यात मारुती मंदिरला बोललेलं संध्याकाळपर्यंत मिरकरवाड्यात पोचतं. म्हणून मुलगी गप्प नोकरी सोडते, आणि घरी सांगते, 'लांब पडत होतं.'

हा कायदा सहज आलेला नाही. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरी देवींवर 1992 मध्ये अत्याचार झाला. त्यातून 1997 चा विशाखा निकाल आला. तो कागदावरच राहतोय म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले सुप्रीम कोर्टात गेल्या. 2012 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि 2013 मध्ये कायदा झाला.

त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथे अंतर्गत समिती हवीच. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. घरकाम करणाऱ्या ताईंनाही तिथे जाता येतं.

मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. योग्य कारण असेल तर आणखी तीन मिळू शकतात. तक्रार लेखी लागते, पण लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची जबाबदारी समितीची. चौकशी 90 दिवसांत संपवायची. त्या काळात तुम्ही बदली किंवा रजा मागू शकता. नाव बाहेर फोडायला कायद्यानेच बंदी आहे. आणि पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

म्हणून आजपासून एक करा. 'मला हे नको आहे, पुन्हा मेसेज करू नकोस' असं एकदा स्पष्ट लिहून पाठवा. कारण देत बसू नका. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या, तारखा लिहून ठेवा. एका विश्वासातल्या माणसाला सांगा. पाठलाग, अंगाला हात, धमकी असेल तर थेट पोलीस, 112.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एवढंच. 'नाही' ऐकू आलं की ते पुरेसं आहे. ती रोज तिथे येते ती पगारासाठी. तिला ती नोकरी तुमच्यामुळे सोडावी लागू नये.

हा भाग एका तरी मैत्रिणीला पाठवा. भेटू पुढच्या भागात.