गावात धावायचे कुठे?



पहाटे पाचच्या सुमारास महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या रस्त्याने जाणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. गाडीच्या दिव्यांच्या झोतात अचानक चार-पाच मुले उजळतात आणि मागे पडतात. अंगात बनियन, पायांत झिजलेले बूट, एकाच्या हातात वेळ मोजायला मोबाईल. ही भरतीची मुले. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि गुण सेकंदांवर ठरतात. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराचे भवितव्य अनेकदा त्या सेकंदांना टांगलेले असते. जिद्द या मुलांपाशी भरपूर आहे. नाही ती जागा.

जागा नसल्याची किंमत काय असते? जानेवारी २०२५ मध्ये बीडजवळ घोडका राजुरी येथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्याच्या कडेने धावत होती. बसने त्यांना धडक दिली आणि तिघे जागीच गेले. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातमी राहिली, हळहळ व्यक्त झाली. तिसऱ्या दिवशी इतर गावांतील मुले पुन्हा त्याच डांबरी रस्त्यांवर उतरली. त्यांना दुसरीकडे जायचे कुठे?

याच बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तेथील अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटरची वाट तुडवीत असत. पुढे ते सैन्यात गेले आणि तेथे धावू लागले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकले. या तिघांचे सत्कार गावोगाव झाले, ते योग्यच झाले. पण त्यांची गावे पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. आरंभीच्या काळात त्यांना आखीव धावमार्ग मिळाला नव्हता. मिळाली होती ती माळाची, डोंगराची, मुरमाची वाट. आज ती वाटच बऱ्याच गावांतून नाहीशी होत आहे. पाणंद बुजते, माळ नांगरला जातो, उरतो तो डांबरी रस्ता.

धावण्यास उत्तम जमीन कोणती, असे विचारले तर उत्तर सरळ आहे : मुरमाची. मुरूम घट्ट असतो, तरी पायाखाली किंचित दबतो. पावसाचे पाणी त्यावर फार काळ साचत नाही. माणदेशासारखा पर्जन्यछायेचा मुलूख शेतीला जितका निष्ठुर, तितकाच धावणाऱ्याला अनुकूल आहे, हा निसर्गाचा अजब न्याय म्हणायचा. काळी जमीन मात्र दोन्ही ऋतूंत दगा देते. पावसाळ्यात तिचा चिखल बुटाला शेर-दीडशेर चिकटतो आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाऊल मुरगळते. हल्ली गावोगाव सिमेंटचे रस्ते झाले. विकासाची ती खूण खरी, पण धावायला त्याहून कठीण पृष्ठभाग नाही. भरतीची तयारी करणाऱ्या किती मुलांची नडगी ऐन परीक्षेच्या महिन्यात दुखू लागते! त्यामागे पुष्कळदा असा रस्ता आणि झिजलेला बूट असतो.

मग गावात जागा कोणत्या? पहिली, पाझर तलावाचा बांध. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर असे असंख्य तलाव झाले. ज्या आजीने तेथे मातीच्या पाट्या वाहिल्या, तिचाच नातू आज त्या भिंतीवर धावू शकतो. माथा सपाट आणि मुरमाचा, वाहन क्वचित, शिवाय बांधाच्या चढावर छातीचा दम वाढवण्याचा सराव फुकटात होतो. दुसरी जागा कालव्याच्या भरावावरची वाट. ती मैलोगणती सपाट जाते, कडेला बाभळी-करंजांची सावली असते. मात्र पाण्याच्या बाजूने धावू नये. अस्तरीकरण झालेल्या कालव्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी सहज वर येत नाही.

कोकणातील गोष्ट वेगळी. सड्यावरचा कातळ पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो. दिवाळीनंतर तेथे जावे, तेही खाली बघूनच. तेथील खरी धावण्याची जागा म्हणजे पुळण. गुहागरसारख्या लांबलचक किनाऱ्यावर ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तीवर धावण्यासारखे सुख नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र पोटऱ्या भरून येतात. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळ्याच्या पोराला हे सांगावे लागत नाही, मुंबईहून सुटीला आलेल्याला लागते.

घाटातील चढाचे आकर्षण अलीकडे वाढले आहे. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वर घाटाच्या मार्गावर अर्धमॅरेथॉन भरते आणि हजारो लोक तो घाट धावत चढतात. त्या सकाळी रस्ता धावणाऱ्यांचा असतो. उरलेल्या दिवसांत तो वाहनांचाच आहे, हे विसरून चालणार नाही. ऊसपट्ट्यात तर गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेचा रस्ता वर्ज्यच समजावा. मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांच्या ओळी लागलेल्या असतात. अन्य मार्ग नसेल, तर उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे, एकामागे एक आणि पांढऱ्या कपड्यांत धावावे. कानात गाणी नकोत.

मुलींचा प्रश्न याहून अवघड. कालव्याची एकांत वाट मुलाला चालते. मुलीला तेथे पाठवायला कोणतीही आई धजणार नाही, आणि त्या आईला दोष देता येणार नाही. मुलीसाठी जागा हवी ती वस्तीच्या नजरेच्या टप्प्यात : शाळेचे पटांगण, जत्रेचे मैदान, मारुतीच्या देवळासमोरची मोकळी जागा. अनेक गावांत शाळा सुटली की पटांगणाच्या फाटकाला कुलूप लागते. ती किल्ली सकाळ-संध्याकाळ दोन तास कोणा जबाबदार शिक्षकाकडे किंवा बचत गटाच्या ताईंकडे राहिली, तर एकही पैसा खर्च न होता प्रश्न निम्मा सुटेल.

उरलेल्या निम्म्यासाठी गायरानाकडे पाहावे लागेल. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच बजावले आहे. दोनशे मीटरचा धावमार्ग आखायला जागा लागते तरी किती? ५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना सुमारे १६ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे. पाऊण एकरात हे बसते, एकरभर मिळाली तर बाजूला गोळाफेकही होते. आठ फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, चार म्हणजे ८००. ओपन जिमच्या गंजणाऱ्या यंत्रांवर जो खर्च होतो, त्यापेक्षा हे काम स्वस्त पडावे. मध्ये खुंटी ठोकून दोरीने अर्धवर्तुळ काढायचे, तण काढून चार-पाच ट्रॉल्या मुरूम पसरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. खळे तयार करणाऱ्या गावाला ही विद्या नवी नाही. काम दिवाळीनंतर घ्यावे, जमिनीत ओल असते आणि मुरूम चांगला बसतो. पहिल्या पावसानंतर कडेचे चर मोकळे करून एकदा पुन्हा रोलर फिरवला की वर्षभर पाहावे लागत नाही.