तलफ आणि मेंदू



एप्रिल २०२१. कोरोनामुळे दारूची दुकानं बंद होती आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या वणीत सॅनिटायझर प्यायल्यानं ७ माणसं दगावली. 'बेवडेच ते' म्हणून हा विषय संपवता येतो. मला तो संपवावासा वाटत नाही. हातावर चोळायचं औषध कुणी चवीसाठी पीत नाही. मग का पितो?

आपल्या मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते मेंदूला शांत करतं. ग्लुटामेट नावाचं दुसरं रसायन मेंदूला चाळवतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबून टाकते. सोबत डोपामिन, एंडॉर्फिन ही रसायनं सुटतात, बरं वाटतं आणि 'हे पुन्हा पाहिजे' अशी नोंद मेंदूत पक्की होते. पुढं पुढं तर दुकानाचा रस्ता दिसला तरी तलफ येते.

रोज पिणाऱ्याचा मेंदू या दाबाशी जुळवून घेतो. गाबाला तो दाद देईनासा होतो, ग्लुटामेटचा जोर वाढवतो. म्हणून पहिल्याइतकी दारू पुरत नाही. ती एकाएकी थांबली, की दाब जातो, पण वाढलेला जोर तसाच राहतो. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, कुणाला त्यानंतर भास होतात, आणि यात जीवही जातो. अशा वेळी माणूस मजेसाठी पीत नाही, थरथर थांबावी म्हणून पितो. हाती लागेल ते पितो.

मग दारूच बंद केली तर? शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. आपल्या जिल्ह्यातल्या बायाही बंदीसाठी रस्त्यावर उतरल्या. त्यांची मागणी मला रास्तच वाटते. दारू सहज मिळाली नाही, तर नवी पोरं या वाटेला कमी लागतील. पण जो आधीच अडकला आहे, त्याचं दुकानाला कुलूप लावून भागत नाही. त्याला उपचार लागतात.

म्हणून मायबहिणींनो, घरातला रोज पिणारा माणूस सोडायला तयार झाला, तर त्याला खोलीत कोंडू नका, देवाची शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावू नका. आधी डॉक्टरांकडे न्या. थरथर आणि फिट आवरणारी औषधं आहेत, ब-१ जीवनसत्त्व देतात, नंतर तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही मिळतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात जा. नाहीतर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.