मोहरी टिकली, करडई का गेली?

(पुणे येथे जिल्हा प्रतिनिधींच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे मोहरीचा विषय काढणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाले. मोहरी आमच्या घरात फोडणीपुरती चिमूटभर. राजस्थानातल्या पिकाचे आम्हाला काय? पण भाव मिळाला तर शेतकरी काय करून दाखवतो आणि भाव पाडला तर काय होते, याचा हिशेब मोहरीइतका स्वच्छ दुसऱ्या पिकात सापडत नाही. म्हणून तो आधी मांडतो. मग आपल्या करडईकडे आणि सरकीकडे येऊ.

1985-86 साली देशात मोहरी पिकली सुमारे 27 लाख टन. 1986 मध्ये सरकारने तेलबियांची तंत्रज्ञान मोहीम काढली. 1996-97 साली मोहरी गेली 66 लाख टनांवर. सगळ्या तेलबिया मिळून 108 लाख टनांवरून 240 लाख टनांच्या पुढे गेल्या. याला पिवळी क्रांती असे नाव पडले. मी शेतकीचा पदवीधर आहे, बियाण्याला कमी लेखणार नाही. पण मोहरीची वरुणा ही गाजलेली जात 1970 च्या दशकातली. बियाणे होते, जमीन होती, शेतकरीही तोच होता. मग दहा वर्षांत नवे काय घडले? तेलाची आयात सरकारने हातात ठेवली आणि आवरती घेतली. भावाची थोडी हमी वाटली, तसा शेतकरी पेरत गेला.

पुढे काय झाले? 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली केली. तेव्हा शुल्क होते 65 टक्के. ते उतरवत उतरवत 1998 साली 15 टक्क्यांवर आणले. परदेशी तेलाचा लोंढा आला. मधे दुष्काळी वर्षेही आली. 2002-03 साली मोहरी 39 लाख टनांवर घसरली. दुष्काळ आपल्या हातात नाही, शुल्क मात्र माणसाच्या हातात असते.

तरीही मोहरी मेली नाही. 2005-06 साली ती 81 लाख टनांवर गेली आणि 2023-24 साली 130 लाख टनांच्या पुढे. याला मोठे कारण तिच्या तेलाचा झणका. बंगालमधल्या, बिहारमधल्या बाईला मासळीला, लोणच्याला मोहरीचेच तेल लागते. त्या वासाची जागा पामतेल घेऊ शकत नाही. जून 2021 पासून मोहरीच्या तेलात दुसरे तेल मिसळायलाही बंदी झाली. शिवाय मोहरीच्या बऱ्याच रानाला एक-दोन पाणी मिळते. म्हणजे मोहरीला गिऱ्हाईकही होते आणि पाणीही होते.

आपल्या करडईला यातले काहीच नव्हते. जुन्या माणसांना विचारा. रब्बी ज्वारीत करडईचे पाटे टाकल्याशिवाय पेरणी पुरी होत नसे. मूळ खोल जाते, ओल खालून ओढते, काट्यामुळे जनावर रानात शिरत नाही आणि घरच्या तेलाची सोय होते. 1980 च्या दशकात देशात करडईखाली सात-आठ लाख हेक्टर जमीन होती. त्यात सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा, मग कर्नाटकाचा. आज सगळ्या देशात मिळून एक लाख हेक्टरसुद्धा उरलेली नाही.

सांगणारे सांगतात, काट्यामुळे गेली, मजूर मिळेना, मावा पडतो. यात तथ्य आहे. पण काटा आजोबांच्या वेळीही होता. दवात पहाटे काढणी करत होतेच ना? आणि बिनकाट्याचे वाण तर फलटणच्या निंबकर संस्थेने काढून दिले आहेत. पिकाला पैसा असता तर काट्यावर तोड निघाली असती. आपल्या घरात आधी रेशनचे पामोलिन आले, मग दुकानातली पिशवी आली. करडईच्या तेलाला मोहरीसारखा झणका नाही, त्यामुळे तिची जागा कोणीही घेऊ शकत होते. घाण्या बंद पडल्या. करडई सोडून शेतकरी हरभरा, सोयाबीनकडे गेला. त्याने शहाणपणाच केला. तोट्याचे पीक धरून बसणे हा काही धर्म नव्हे.

आता कपाशीवाले म्हणतील, आमचा तेलाशी काय संबंध? अहो, क्विंटलभर कापूस जिनिंगला गेला की रुई निघते साधारण तिसरा हिस्सा. बाकी सरकी. सरकीचा भाव ठरतो तेलावर आणि पेंडीवर. बंदरावर पामतेल स्वस्त उतरले की सरकी ढिली होते आणि सरकी ढिली झाली की व्यापारी तुमच्या कापसाचा भाव कापतो. म्हणजे तुम्ही नुसते कापूसवाले नाही, तेलवालेही आहात.

अलीकडची चार वर्षे बघा. ऑक्टोबर 2021, मोहरीची पेरणी चालू असताना कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्य केले. डिसेंबरमध्ये मोहरी, सोयाबीन आणि पामतेलाच्या वायदेबाजारावर बंदी घातली. 2023 च्या वसंतात हमीभाव होता 5,450 रुपये आणि राजस्थानातला शेतकरी त्याखाली मोहरी विकत होता. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केले. उशीर झाला होता. कमी शुल्कात आलेले सुमारे 30 लाख टन तेल देशात पडून असल्याचे सरकारनेच तेव्हा सांगितले. आपले सोयाबीन त्या हंगामात 4,892 च्या हमीभावाखालीच गेले. आणि 30 मे 2025 रोजी, खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर, शुल्क पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर आणले.

ऑक्टोबर 2024 मध्ये याच सरकारने तेलबियांसाठी 10,103 कोटींची नवी मोहीम मंजूर केली. 2030-31 पर्यंत उत्पादन 390 लाख टनांवरून 697 लाख टनांवर न्यायचे म्हणतात. एका हाताने बियाण्याची पिशवी द्यायची आणि दुसऱ्या हाताने भाव काढून घ्यायचा, असा हा कारभार आहे.

शहरातल्या बहिणीला तेल महाग पडते, हे मला मान्य आहे. पुण्यातही गरीब राहतात. त्यांना स्वस्त तेल द्यायचे तर सरकारने तिजोरीतून पैसा घालून रेशनवर द्यावे. पण पुण्यातल्या गरिबाचे तेल स्वस्त करायला परभणी-सोलापूरच्या गरिबाचा भाव का पाडायचा? गंमत बघा, याच पुण्यात लाकडी घाण्याचे करडईचे तेल चढ्या भावाने विकले जाते. गिऱ्हाईक परत आले, पण तोवर शेतात करडई उरली नाही.

म्हणून आपल्या जिल्ह्याच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा.

पहिली, ठराव. पेरणीपासून माल विकला जाईपर्यंत तेलाचे आयातशुल्क कमी करायचे नाही आणि वायदेबाजार बंद करायचा नाही. शुल्क काय राहणार ते पेरणीपूर्वी जाहीर करा. अनुदान नाही दिले तरी चालेल.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. सरकारने हाक दिली म्हणून सगळे रान करडईखाली घालू नका. 2026 च्या हंगामासाठी हमीभाव 6,540 जाहीर झाला, पण तुमच्या बाजारात त्या भावाने घेणारा कोण, हे आधी विचारा. मात्र ज्वारीत चार पाटे जरूर टाका. घरचे तेल निघेल, पेंड जनावरांना होईल आणि बियाणे आपल्या हातात राहील. उद्या भाव आला तर पेरायला काहीतरी जवळ असले पाहिजे.

मोहरीवाल्याने दाखवून दिले की देशाला लागणारे तेल शेतकरी पिकवू शकतो. त्याचा हात धरून ठेवू नका, एवढेच आपले मागणे आहे.