यंत्राशी बोलण्याचा हक्क

(जळगाव-धुळे भागातील महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून काहीजणी हसल्या. ‘लिनक्सचा ड्रायव्हर’ आणि बायांची चळवळ यांचा काय संबंध, असे चहाच्या वेळी मला विचारलेही. मी संगणकतज्ज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. करून अपंग मुली आणि त्यांच्या आया यांच्याबरोबर काम करते. त्या कामातूनच हा प्रश्न माझ्यापुढे आला, म्हणून तुमच्यापुढे ठेवते आहे.

धुळे तालुक्यातल्या एका गावात सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी आहे. बारावी झालेली. बोटे तिच्या मनाप्रमाणे वळत नाहीत, पण कोपर आणि पाय चालतात. देणगीतून तिला मोठ्या बटणांचे एक यंत्र मिळाले. कीबोर्ड आणि माऊसच्या जागी ते वापरायचे. घरातला संगणक जुना, शाळेने काढून टाकलेला. त्यावर लिनक्स घातले होते, कारण ते फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. यंत्र जोडले, दिवा लागला, पुढे काही नाही. खोक्यावर लिहिले होते, ‘फक्त विंडोजसाठी’. विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘नवीन संगणक घ्या.’ तिची आई रोजाने कापूस वेचायला जाते.

इथे अडले कुठे ते समजून घेऊ. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. फक्त अहिराणी बोलणारी आजी कचेरीत गेली आणि साहेबाला फक्त इंग्रजी येत असेल, तर दोघेही शहाणे असून काम अडते. यंत्र आणि संगणक यांचे तसेच असते. कंपनी दुभाष्या एकाच संगणकप्रणालीसाठी देते, आणि यंत्राची भाषा कोणाला सांगत नाही. म्हणजे यंत्र विकत घेतले तरी ते कोणी वापरायचे हे विकणाराच ठरवतो.

मग ही भाषा ऐकून ऐकून शिकावी लागते. यूएसबीने जोडलेले प्रत्येक यंत्र आपली ओळख दोन क्रमांकांनी सांगते, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की ते दिसतात. यंत्र आणि संगणक यांच्यात जे आकडे धावतात, ते ‘यूएसबीमॉन’ने नोंदवता येतात. एक बटण दाबायचे, कोणता आकडा बदलला ते पाहायचे, वहीत लिहायचे. सोडायचे, पुन्हा पाहायचे. सगळी बटणे झाली की सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, की हा आकडा म्हणजे हे बटण. कधी यंत्र आधीच्याच एखाद्या यंत्राचे भावंड निघते, तेव्हा जुन्या ड्रायव्हरच्या यादीत त्याचा क्रमांक घातला तरी भागते.

आमच्याकडे हे काम अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तीन रविवार बसून केले. मुलगी कोपराने बटण दाबायची, आई आकडे वहीत उतरवायची. दोन बटणे अजून चालत नाहीत, बाकीची चालतात. मुलगी आता स्वतःचा अर्ज स्वतः टाइप करते. आधी तो चुलतभाऊ लिहायचा, आणि काय लिहायचे तेही तोच ठरवायचा.

हे जगात नवीन नाही. ४ नोव्हेंबर २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत ‘किनेक्ट’ बाजारात आणले. हात हलवून खेळ चालवण्याचे ते यंत्र फक्त त्यांच्या एक्सबॉक्सला जोडायचे. लिमोर फ्राइड या अभियंता स्त्रीने २००५ मध्ये स्थापन केलेल्या ‘अ‍ॅडाफ्रूट’ने त्याच दिवशी जाहीर केले, की याचा खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्याला १,००० डॉलर देऊ. मायक्रोसॉफ्टने नापसंती दाखवली, कायद्याची भाषा केली. बक्षीस वाढून ३,००० डॉलर झाले. १० नोव्हेंबरला स्पेनच्या हेक्टर मार्टिन यांनी लिनक्सवर ते चालवून दाखवले. त्याच महिन्यात कंपनीचे लोक म्हणू लागले, की ती वाट आम्ही मुद्दामच मोकळी ठेवली होती! पुढे २०१७ मध्ये कंपनीने किनेक्ट बनवणे थांबवले. लोकांनी लिहिलेला ड्रायव्हर मात्र आजही कोणालाही मिळतो.

हे बेकायदेशीर आहे का, असे एका बहिणीने विचारले. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये भर पडली. कायदेशीरपणे आपल्याकडे असलेला प्रोग्रॅम दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमबरोबर चालावा यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढण्याला तिथे मुभा आहे. आणि अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम ४२ म्हणते, की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेची मिळावीत यासाठी शासनाने उपाय करावेत. म्हणजे मागणी करायला आधार आहे.

आता दुसरी बाजू. कंपनीने करायचे काम कोणीतरी रविवारी फुकट करते, आणि यंत्र जास्त खपते कंपनीचे. ‘अनधिकृत’ हा शब्द आपल्याला चांगला ओळखीचा आहे. शेतात बाई दिवसभर राबते, त्याला घरात ‘मदत’ म्हणतात, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. म्हणून अशा कामाचे नुसते कौतुक करून थांबणे मला पटत नाही. फुकटच्या श्रमावर हक्क उभा राहिला, तर तो ज्यांना रविवार मोकळा मिळतो त्यांचाच होतो, आणि बायांना तो किती मिळतो हे इथे सांगायला नको.

लिनक्समधली एक पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बदल पाठवणाऱ्याला ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून नाव द्यावे लागते. ज्याने तो तपासून पाहिला त्याचे नाव ‘टेस्टेड-बाय’ म्हणून जोडता येते. ही नावे त्या बदलाबरोबर कायम राहतात. आमचा ड्रायव्हर पाठवू तेव्हा तपासणारी म्हणून त्या मुलीचे नाव जावे, अशी तिची स्वतःची मागणी आहे. बटणे तिने दाबली, कोणते अडते हे तिनेच सांगितले.

आपण काय करायचे? संस्थेच्या पैशातून असे साधन घेताना आधी लेखी विचारा, की हे लिनक्सवर चालते का, आणि नसेल तर त्याची भाषा सांगाल का. उत्तर जपून ठेवा. बंद पडलेल्या यंत्राचे दोन्ही क्रमांक लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या गावातल्या बाईलाही उपयोग होईल. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जा, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय द्या, मुलींना द्या. आणि जी अपंग बाई तपासणीला बसते, तिला जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी द्या. ती तिथे नमुना म्हणून आलेली नसते, काम करायला आलेली असते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्याकडे पडून असलेल्या साधनांची यादी आणावी, एवढे मागते आणि थांबते.