दोन मिनिटांचा विमानप्रवास

श्रोतेहो, नशिराबाद ते जळगाव अंतर सुमारे दहा किलोमीटर. याहून कमी अंतरासाठी कुणी विमानात बसेल काय? बसतात! स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटे आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांच्या धावपट्ट्यांत अंतर अवघे २.७ किलोमीटर. तेथे १९६७ पासून छोटे विमान ये-जा करते. वेळापत्रकात वेळ दोन मिनिटे. तपकिरीची चिमूट ओढेपर्यंत उतरलेसुद्धा!

ही चैन नव्हे हो. मध्ये खवळता समुद्र, आणि पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. डॉक्टर, शिक्षक याच विमानाने येतात. वाघूरला पूर आला की पलीकडचे गाव किती लांब जाते, हे आपल्याला सांगायला नको.

गुरुजी, हे गणित वर्गात जरूर घाला. दोन मिनिटे धरली तर वेग ताशी ८१ किलोमीटर येतो. पण एकदा हेच अंतर ५३ सेकंदांत कापले गेले. मग वेग १८३ वर जातो! फरक मुख्यतः वाऱ्याचा. पाठीशी असला तर विमानाला ढकलतो, समोरून आला तर अडवतो. शिवाय विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडते नि उतरते, म्हणून कधी वळसा पडतो. मुलांना आधी उत्तर काढू द्या. वाऱ्याचे मागाहून सांगा.