जीवाणूचे नाव आणि रुग्णाचे हित
वार्षिक सभेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या वतीने केलेले भाषण



रुग्णाचे रक्त, लघवी, थुंकी किंवा पाठीच्या मणक्यातील पाणी आमच्याकडे तपासणीस येते. त्यातील जीवाणू वाढवून आम्ही त्यांची ओळख पटवतो व कोणते प्रतिजैविक लागू पडेल ते डॉक्टरांना कळवतो. क्वचित एखादा जीवाणू मात्र कोणत्याच ज्ञात वर्णनात बसत नाही. अशा अनोळखी जीवाणूविषयी आज चार शब्द मांडावयाचे आहेत.

नवजात अर्भकांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहातून असाच एक जीवाणू अमेरिकेत आढळत होता. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या अशा जीवाणूंचा अटलांटा येथील एलिझाबेथ किंग यांनी चिकाटीने अभ्यास केला आणि १९५९ साली त्याचे स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केले. वर्गीकरणातील त्याचे स्थान पुढे दोनदा बदलले. २००५ साली त्याच्यासाठी नवी जाती स्थापन झाली, तिला ‘एलिझाबेथकिंगिया’ हे नाव मिळाले. एका अभ्यासू स्त्रीच्या परिश्रमांचे हे उचित स्मारक होय.

२०११ साली या जातीतील आणखी एका प्रजातीचे वर्णन झाले. ती गांबियातील ॲनोफेलिस डासाच्या आतड्यात सापडली, म्हणून तिचे नाव ॲनोफेलिस. पुढे ती रुग्णांतही आढळू लागली. २०१५-१६ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात तिची साथ आली. साठहून अधिक रुग्णांना संसर्ग झाला, कित्येक दगावले. ज्या यंत्रांच्या माहितीसंग्रहात हे नाव नव्हते, ती तिला जुन्याच प्रजातीचे नाव देत असत.

नावात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. हा जीवाणू कार्बापेनेमसारख्या प्रभावी औषधांनाही सहसा दाद देत नाही. ओळख चुकली, तर उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. शिवाय एकच जीवाणू ठिकठिकाणी वेगवेगळ्या नावांनी नोंदला गेला, तर साथ आली आहे हेच उशिरा कळते.

नवी प्रजाती ठरवण्याची रीत काटेकोर आहे. प्रथम सुमारे १५०० अक्षरांचे १६-एस आरआरएनए जनुक वाचतात. ज्ञात प्रजातींशी त्याचे साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी भरले, तर नवेपणाची शक्यता बळावते. जवळच्या प्रजातींत एवढ्याने भागत नाही. तेथे संपूर्ण जीनोम ताडून पाहतात, आणि साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली असल्यास प्रजाती वेगळी मानतात. त्याचा नमुनाभूत वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. मगच नाव अधिकृत होते. असे संग्रह आपल्या देशात चंडीगड येथे व पुण्यातही आहेत.

या साऱ्याचा आरंभ लहान रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतही होऊ शकतो. रक्तात वाढलेला अनोळखी जीवाणू पुष्कळदा त्वचेवरून मिसळलेला असतो, हे खरे. परंतु तोच जीवाणू दोन वेळा स्वतंत्रपणे घेतलेल्या रक्तात वाढला आणि रुग्णाची लक्षणेही जुळत असली, तर त्याला ‘भेसळ’ म्हणून टाकून देणे योग्य नव्हे. तो ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवून ठेवावा, रुग्णाची ओळख गुप्त राखून त्याची तपशीलवार नोंद करावी आणि पुढील तपासणीसाठी मोठ्या संस्थेकडे पाठवावा. टाकून दिलेला जीवाणू पुन्हा तपासता येत नाही. जपलेला जीवाणू मात्र वर्षांनंतरही उत्तर देऊ शकतो.

यासाठी एक खोल-शीत कपाट, अखंड वीजपुरवठा आणि नोंदी ठेवणारे प्रशिक्षित हात, एवढी सामग्री लागते. नव्या इमारतीप्रमाणे ती देणगीदारांच्या नजरेस पडत नाही, तरीही तिचा लाभ अशा रुग्णांना होतो, ज्यांना आपण कधी भेटणारही नाही. विश्वस्त मंडळाने या गरजेचा सहानुभूतीने विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.